दोनवाल्याला दिलेली प्यादेमात

१९९९ साल. मला अठ्ठावन्नावं लागलं होतं. पावणे एमआयडीसीतली कंपनी बंद पडून वर्ष झालं होतं आणि मी सानपाड्याच्या घरात नुसता बसून होतो. ज्याला बसायची सवय नाही त्याला बसवलं की तो घरातल्या सगळ्यांना उभं करतो, असं आमची मंडळी म्हणायची. मी म्हणायचो, कुणी उभं राहा म्हणालं नाही. तेवढ्यावर आमचं बोलणं संपायचं.

मी चौथी शिकलेला. तीसुद्धा मास्तरांनी पुढं ढकललं म्हणून. पण कंपनीत सत्तावीस वर्षं लेथवर काढली आणि माझ्या हातचा जॉब परत आला असं कुणी दाखवून द्यावं. हे सांगतोय ते मोठेपणा म्हणून नाही. सांगतोय एवढ्यासाठी, की मला काय येतं आणि काय येत नाही हे मला त्या वर्षापर्यंत नीट माहीत होतं. त्या वर्षी ते बिघडलं.

मुलाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. सून मुंबईत वाढलेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक गाळा रिकामा होता. तिनं तिथं तीन कॉम्प्युटर मांडले आणि सायबर कॅफेची पाटी लावली. मी नको म्हणालो होतो. घरची सून दुकान उघडून बसणार, हे मला पटलं नाही. तिनं ऐकलं नाही. मी तिच्याशी बोलायचं बंद केलं. ते तिच्या लक्षात यायला तीन दिवस गेले, कारण आधीही मी फार बोलत नव्हतो.

दुपारी एक ते चार दुकानात चिटपाखरू नसायचं. ती जेवायला वर यायची आणि गाळ्यात कुणीतरी बसायला हवं असायचं. मुलगा कामावर. मंडळींना त्या मशिनींची भीती. मग मीच जाऊन बसायला लागलो. दुकानात बसणं वेगळं आणि बोलणं वेगळं, असं मी माझ्यापुरतं ठरवलं होतं.

बसल्या बसल्या मी नट मांडायचो. हे नट म्हणजे माझं बुद्धिबळ. कंपनीत भंगारातले नट आणि बोल्ट लेथवर घासून मी स्वतः बनवलेलं. राजा मोठ्या बोल्टचा, हत्ती चौकोनी नटाचा, प्यादी वायसरची दोन दोन जोडून. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पत्र्यावर खडूनं घरं आखून खेळायचो. माझा जोडीदार तिथल्याच खाडीकडच्या गावचा, वेल्डर. बारा वर्षं आम्ही रोज खेळलो आणि बारा वर्षांत तो माझ्याशी एक वाक्य सरळ बोलला नाही.

"तुजा राजा पानी मागतंय बग," असं म्हणायचा. "देतोस का त्याला, का मी देऊ?"

मी म्हणायचो, "तुझा वजीर लग्नाला गेलाय का? सकाळपासून दिसला नाही."

"गेलाय. तुज्या घोड्यावर बसून गेलाय."

आणि खरंच माझा घोडा गेलेला असायचा. कंपनी बंद झाली, त्यानं जुन्या घरावर दोन मजले चढवले, भाडेकरू ठेवले, आणि त्याला वेळ राहिला नाही. मी दोनदा गेलो होतो. तो गवंड्यांवर ओरडत होता. चहा पाजला त्यानं, पण पत्रा काढला नाही.

तर एक दिवस सून जेवून खाली आली आणि मला एकट्याला दोन्ही बाजूंनी खेळताना तिनं पाहिलं.

"आप्पा, एकटेच काय खेळताय? इथं माणसं मिळतात की."

मी बोलत नव्हतो. पण हे ऐकल्यावर बोललो. "कुठं?"

तिनं मला कॉम्प्युटरपुढं बसवलं. पडद्यावर पट आला. घोडा घोड्यासारखा होता, हत्तीच्या जागी बुरूज होता, उंट ओळखू येत नव्हता. बाकी सगळं ठीक. पण खेळायला बसलो आणि पहिल्याच डावात समोरच्याचं प्यादं दोन घरं पुढं आलं. मी म्हटलं, हा लबाड आहे. सून म्हणाली, नाही आप्पा, तसाच नियम आहे. आमच्याकडं प्यादं एकच घर चालतं. मग मी माझा राजा घोड्यासारखा उडवायला गेलो. आमच्याकडं राजाला शह बसायच्या आधी एकदा अशी उडी मारता येते. राजा जागचा हलेना. मी म्हटलं, माऊस खराब आहे. तिनं बिचारीनं शेजारच्या मशिनचा माऊस काढून लावला. तरी राजा हलेना.

"आप्पा, राजाला तशी उडी नसते."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्या जगात नसते."

"सगळं जग चुकतंय मग."

पंधरा दिवस मी त्या मशिनशी भांडलो आणि मग तिचे नियम शिकलो. पटले नाहीत. शिकलो.

तिथं माणसं लई वाईट होती, असं सून सांगायची. बोलणं खाली एका पट्टीत उमटायचं, इंग्रजीत, आणि ती ते मला वाचून दाखवायची. दाखवायची म्हणजे काही काही वेळा नुसतीच गप्प बसायची आणि म्हणायची, "काही नाही, शिव्या देतोय. हरला ना." हरल्यावर शिव्या देतात आणि जिंकल्यावरही देतात, हे मला नवीन होतं. माणूस समोर नाही म्हणून देत असावेत. समोर असता तर पत्रा डोक्यात बसला असता.

आणि मग दोनवाला आला.

त्याचं तिथलं नाव एका पक्ष्याचं होतं, पुढं काही आकडे. कुठल्या देशाचा ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आपल्याकडं दुपारचे दोन वाजले की त्याच्याकडं सकाळ असायची, आणि तो बरोबर दोनला यायचा, म्हणून घरात त्याला दोनवाला नाव पडलं.

पहिल्याच दिवशी मी त्याच्याशी खेळत होतो आणि लाईन तुटली. कारण असं, की दुकानातला फोन म्हणजे घरचाच फोन. वरून बाल्कनीतून वायर खाली सोडलेली. मंडळींनी वर रिसीव्हर उचलला आणि बहिणीला फोन लावला, की खाली इंटरनेट मेलं. मी जिन्यातून ओरडलो. ती वरून म्हणाली, "माझी बहीण मोठी का तुमचा पट मोठा?" बहीण मोठी निघाली. अर्ध्या तासानं लाईन परत लागली. जो नाहीसा होतो तो हरला, असा तिथला नियम. समोरच्यानं एक बटण दाबायचं की डाव त्याच्या नावावर. सुनेनं पट उघडला तर डाव होता तसा होता. दोनवाल्यानं बटण दाबलं नव्हतं. थांबला होता.

"त्यानं काय लिहिलंय माहितीये?" सून म्हणाली. "की तुमच्याकडं काही अडचण आली असेल असं मला वाटलं. सावकाश या."

मला कसंतरीच झालं. न पाहिलेला माणूस अर्धा तास माझी वाट बघत बसला होता. हातात आलेला डाव घेतला नव्हता. मी सुनेला म्हटलं, "त्याला सांग, मी विसरणार नाही."

त्यानंतर आम्ही रोज खेळलो. तीन महिने तरी. घड्याळ लावायचो नाही, कारण तो फार हळू खेळायचा. सुनेनं सांगितलं, आजारपणात त्याचा उजवा हात गेलाय, डावाही दुखतो, माऊस सरकवायला वेळ लागतो. मी म्हटलं, लागू दे. आपल्याला कुठं शिफ्ट गाठायचीय.

खेळताना मी सुनेला सांगायचो आणि ती टाईप करायची. मी म्हणायचो, "लिही, तुझ्या उंटाला मुळव्याध झालीय का, जागचा उठत नाही तो." ती थोडी खटखट करायची. मी म्हणायचो, "लिही, राजाला म्हणावं बिऱ्हाड बांध, मी आलो." ती तेवढीच खटखट करायची. मी दोन वाक्यं सांगितली तरी तेवढीच. मी समजलो, इंग्रजी आखूड भाषा असणार. आणि तो काहीतरी लिहायचा, ती हसून सांगायची, "म्हणतोय, तुमच्याशी खेळलं की दिवस चांगला जातो." मला वाटलं, हा आपला वेल्डरच भेटला. चार शब्द लागतील असं बोलावं आणि त्याला बरं वाटावं.

आता त्या डावाबद्दल सांगतो. हे जरा नीट ऐका, कारण माझं म्हणणं काय होतं ते त्यातच आहे.

आमच्या गावाकडं बुद्धिबळाची रीत अशी. समोरच्याचं सगळं सैन्य मारून राजा एकटा पाडला, तर ती बुर्जी. ती जीत नव्हे. एकट्याला घेरून मारण्यात कसली मर्दुमकी? म्हणून समोरच्याचं एखादं मोहरं जाणूनबुजून ठेवायचं. आणि मात द्यायची तीही कुणी द्यायची, याला मान आहे. वजिरानं, हत्तीनं दिलेली मात कुणीही देतो. सगळ्यात मोठी ती प्यादेमात. प्याद्याला एकेक घर चालवत आणायचं, त्याचा वजीर होऊ द्यायचा नाही, आणि शेवटचा शह त्या प्याद्याचा. हे लई अवघड असतं. डोकं पिळून निघतं. म्हणून ते कुणासाठीही करत नाहीत. लिंबूटिंबूला चटकन मारून मोकळं करतात. चांगल्या गड्याला प्यादेमात देतात. तुझ्यासाठी मी एवढी मेहनत घेतली, असा त्याचा अर्थ. मी वेल्डरला बारा वर्षांत पाच वेळा प्यादेमात दिली आणि पाचही वेळा त्यानं उठून मला पान खिलवलं.

त्या दिवशी दोनवाल्याकडं राजा आणि एक अडकलेलं प्यादं उरलं होतं. माझ्याकडं हत्ती आणि दोन प्यादी. हत्तीनं राजाला कडेला रेटून मी डाव दहा चालींत संपवला असता. तेवढ्यात मला वाटलं, याचं आपल्यावर देणं आहे. हा माझ्यासाठी थांबला होता. याला आज प्यादेमात द्यायची.

मी त्याचं प्यादं मारलं नाही. माझं प्यादं वजीर व्हायच्या घरापाशी आलं, त्याला तिथंच थांबवलं आणि दुसऱ्याला चालवायला लागलो. त्याचा राजा निसटायचा, मी हत्तीनं वळवून परत कोपऱ्याकडं आणायचो. तासभर गेला असेल. मला घाम फुटला होता. सून म्हणाली, "आप्पा, संपवा ना." मी म्हटलं, "तुला कळत नाही यातलं." तो काहीच लिहीत नव्हता. मला वाटलं, बघतोय. त्याला कळलंय आपण काय करतोय ते.

शेवटी बसली. प्यादेमात. सहावी आयुष्यातली. मी खुर्चीतून उठलोच. "लिही त्याला, ही तुझ्यासाठी."

सुनेनं टाईप केलं. खाली त्याचं उत्तर आलं, लांबलचक. ती वाचत राहिली.

"काय म्हणतो?"

"काही नाही. जातो म्हणाला."

"एवढं मोठं जातो?"

"काम आहे म्हणाला, आप्पा."

दुसऱ्या दिवशी दोन वाजले, तो आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी म्हटलं, आजारी असेल, तू विचार. ती म्हणाली, विचारते. चौथ्या दिवशी मी पडद्यापुढं अडीचपर्यंत बसलो. तिनं टेबल आवरता आवरता माझ्याकडं न बघता सांगितलं, "आप्पा, तो नाही येणार. तुम्ही त्याचा अपमान केला असं त्याला वाटतंय."

"कुणी अपमान केला?"

तिनं टेबलाच्या खणातून वही काढली. त्याचं बोलणं तिनं उतरून ठेवलं होतं. मी म्हटलं, वाच, एक शब्द गाळू नको. तिनं मराठी करून वाचलं. ते असं होतं: "तुमच्याकडं हत्ती होता. तुम्ही केव्हाच संपवू शकला असता. तुम्ही मांजर उंदराला खेळवतं तसं मला तासभर खेळवलंत. एकेक चाल करायला मला किती त्रास होतो हे मी तुम्हाला सांगितलं होतं. इथं शिव्या देणारे मला खूप भेटले, त्यांचं काही वाटत नाही. तुम्ही गोड बोलत होतात. मी सकाळी उठून बसतो तो या डावासाठी. आता मला बोलावू नका."

माझं डोकं फिरलं. पहिल्यांदा त्याच्यावर. "मांजर? मी? अरे तासभर मी घाम गाळला तुझ्यासाठी आणि तू मला मांजर म्हणतोस?" आणि त्याला एवढं दुखत होतं तर हार मानून उठायचं होतं. कुणी धरलं होतं?

"तुम्ही उठला असता?" सून म्हणाली.

मी उठलो नसतो. पण ते मी तिला सांगितलं नाही. मला दुसरंच टोचलं होतं.

"गोड बोलत होतात, असं का लिहिलंय त्यानं? मी कधी गोड बोललो?"

तिनं वही मिटली.

"तू त्याला राजानं बिऱ्हाड बांधायचं ते लिहिलं होतंस ना?"

"नाही."

"उंटाचं?"

"आप्पा, मुळव्याधीचं मी कसं लिहू?" ती आता रडवेली झाली होती आणि हसतही होती. "पहिल्या दिवशी लाईन परत लागल्यावर तो म्हणाला होता, की तुम्ही सभ्य दिसता, बरं वाटलं. तिथं लोक कसे बोलतात तुम्हाला सांगितलंय का मी कधी? आईबहिणीवरून बोलतात. त्याला असले रोज भेटत होते. मग मी तुमचं ते बिऱ्हाड बांध वगैरे टाकलं असतं तर त्याला तसंच वाटलं असतं ना."

"मग तू काय टाकायचीस?"

"छान चाल होती. घाई नाही, सावकाश खेळा. हात कसा आहे आज. असं."

"आणि ही तुझ्यासाठी, ते?"

"ते लिहिलं. जसंच्या तसं."

तीन महिन्यांत माझं जसंच्या तसं गेलेलं ते एकच वाक्य, आणि तेच त्याला लागलं. मी विचारलं, "मग तो तीन महिने खेळत कुणाशी होता? माझ्याशी का तुझ्याशी?"

"चाली तुमच्याच होत्या, आप्पा."

"आणि माणूस तुझा."

ती म्हणाली, "मला काय माहीत हो. टेन्शन आलंय मला. मी चांगल्यासाठीच केलं."

चांगल्यासाठीच मीही केलं होतं. दोघांनी चांगल्यासाठी केलं आणि तिसऱ्याचं वाईट झालं, याचा हिशेब मला लागेना. मी वर निघून आलो. मंडळींनी पाहिलं आणि विचारलं, "काय झालं? मेला का तो दोनवाला?" मी म्हटलं, मेला नाही, रुसला. ती म्हणाली, "पस्तीस वर्षांत मी रुसले तेव्हा एवढं तोंड नव्हतं पडलं."

चहा झाल्यावर मी गॅलरीत नट मांडले. तो डाव मला पाठ होता. राजा आणि एक प्यादं त्याचं, हत्ती आणि दोन प्यादी माझी, तिथून पुढं एकेक चाल मांडत गेलो. माझी बाजू उजव्या हातानं. त्याची डाव्या हातानं, तीही अंगठा आणि करंगळी एवढ्यांनीच धरून. का असं केलं ते सांगता येणार नाही. मला पाहायचं होतं. पाचसात चालींत बोल्ट हातून निसटायला लागला. वीस चालींत मनगट भरून आलं. त्याच्या बाजूच्या चौतीस चाली झाल्या. त्यातली एकही चाल त्याच्या कामाची नव्हती. मी रेटतोय तिकडं जायचं, एवढंच.

चौतीस. माझ्या बाजूनं मोजलं तर त्या चौतीस चालींतली एकेक चाल सोन्यासारखी होती. त्यातली एकही मी आज मागं घेणार नाही. त्याच्या बाजूनं मोजलं तर मी एका लंगड्या माणसाला तासभर मैदानात पळवलं. पट एकच. मी पट फिरवून फिरवून पाहिला. कुठून बसलं की दोन्ही दिसतं ते सापडलं नाही. अजूनही सापडलेलं नाही, हे लिहितानाही.

आणि त्यावर ते सभ्यपणाचं. वेल्डर मला तुजा राजा पानी मागतंय म्हणायचा तेव्हा त्यात माया होती, हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं. पत्र्याच्या पलीकडं त्याचं तोंड दिसायचं म्हणून माहीत होतं, का बारा वर्षं गेली म्हणून? दोनवाल्याला माझं तोंड दिसत नव्हतं. त्याला माझे शब्दही दिसत नव्हते. त्याला दिसत होत्या माझ्या सुनेच्या चार ओळी आणि माझी चाल. मग त्यानं माझ्यासाठी अर्धा तास थांबावं तरी का? तेव्हा तर सुनेनं काहीच गोड लिहिलं नव्हतं. तेव्हा तर मी नुसता नाहीसा झालो होतो.

संध्याकाळी जेवताना सून म्हणाली, "आप्पा, त्याला निरोप ठेवता येतो. तो आला की वाचेल. नाहीतर नाही वाचणार. तुम्ही सॉरी म्हणा, मी टाकते."

"मी सॉरी म्हणणार नाही."

"पण..."

"मी चूक केली नाही. मान दिला तो मान होता. चूक केली नाही त्याची माफी मागितली, की ती पण थापच झाली. तुझ्यासारखी."

सून उठून आत गेली. मला वाटलं, मी जास्त बोललो. पण बोललो ते खोटं नव्हतं. हे माझं नेहमीचंच.

मंडळी ताटं उचलत म्हणाली, "तो तिकडं एकटा बसलाय म्हणता, तुम्ही इकडं एकटे बसा. जिंकलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेच्या आधी खाली गेलो. शटर मी उघडलं, झाडू मी मारला. ती आली तेव्हा मी कॉम्प्युटरपुढं बसलो होतो. म्हटलं, "मी सांगतो ते कागदावर लिही. मराठीत आधी. मग त्याचं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, सुटं सुटं. गाळायचं नाही, घालायचं नाही. टाईप मी करणार."

"आप्पा, तुम्हाला अख्खी सकाळ लागेल."

"लागू दे."

मी सांगितलं ते असं. की मी म्हातारा आहे, चौथी शिकलोय, आमच्या गावात चांगल्या गड्याला प्याद्यानं मात देतात, तू चांगला गडी आहेस, म्हणून दिली. तुझा हात माझ्या ध्यानात राहिला नाही. काल मी डाव्या हाताच्या दोन बोटांनी चौतीस चाली खेळून पाहिल्या. आणि तुझ्याशी गोड बोलत होती ती माझी सून. मी गोड बोलत नाही. मी तुझ्या उंटाची चेष्टा करत होतो, तेवढी तिनं गाळली.

तिनं सगळं लिहिलं. उंटाचंही लिहिलं. मग कागद माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "शेवटी एक शब्द मी माझ्याकडून लिहिलाय. सांगून लिहिलाय. तुम्हाला नको असेल तर तो टाईप करू नका."

मला टाईप करायला पावणेदोन तास लागले. कागदावर एक अक्षर बघायचं, ते बटणांत हुडकायचं, दाबायचं, परत कागद. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. सून त्यांच्याकडं बघत होती, माझ्याकडं बघत नव्हती. तिचा शब्द सोडून सगळं झालं. मी थांबलो. शब्द पाच अक्षरांचा होता. कुठला ते मला वाचता आलं नाही, पण कळलं. मी चष्मा काढून पुसला, परत लावला. त्यात मधलं एक अक्षर लागोपाठ दोनदा होतं. मला वाटलं, पोरीनं घाईत चुकून लिहिलं असेल.

तरी मी ते दोनदा दाबलं.